हजेरी आणि दाम

अर्थशास्त्राच्या शिक्षक मित्रांनो,

आपल्यापैकी बहुतेकांच्या पगारातून दर महिन्याला व्यवसाय कर म्हणून २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे अडीच हजार. महाराष्ट्रात हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचा खर्च उचलायचा आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने घालायची, असा तो हिशेब होता. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी मांडलं होतं की, कष्टाच्या कमाईवर कर बसवणं म्हणजे माणसाला वेठीला धरण्यासारखंच आहे. नोझिक यांचं पुस्तक मी वर्गात अनेक वर्षं शिकवलं. आणि ज्या कराला ते वेठ म्हणाले असते, त्या कराच्या पैशावर मी शिकलो. माझी आई माण तालुक्यात रोजगार हमीच्या कामावर माती उपसत होती.

त्यामुळे सरकारने कर घेऊन कल्याण करावं की माणसाला बाजारात मोकळं सोडावं, या वादात मी तटस्थ नाही. दोन्ही बाजूंचं माझ्यावर ऋण आहे, आणि ते आज मोकळेपणाने सांगावं असं वाटतं.

१९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. लाल मिलोच्या भाकरी आणि दुष्काळी कामावर मुलांना मिळणारी सुकडी, एवढं स्पष्ट आठवतं. बाकी पुढे वाचून कळलं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात १९६५ पासून रोजगार हमीचा प्रयोग करून पाहिला होता. मागेल त्याला काम, ही त्यांची कल्पना. दुष्काळाने ती राज्यभर नेली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. दुष्काळी कामं त्याआधीही निघत. पण ती सरकारच्या मनात आलं की निघायची आणि मनात आलं की बंद व्हायची. कायद्याने सरकारच्या मर्जीचं मजुराच्या हक्कात रूपांतर केलं, आणि माझ्या मते या राज्याने स्वातंत्र्यासाठी केलेल्या मोठ्या कामांपैकी ते एक आहे. स्वातंत्र्य हा शब्द इथे मी मुद्दाम वापरतो आहे.

१९८२ च्या उन्हाळ्यात मी पुण्याहून सुट्टीला गावी गेलो. तेव्हा डोक्यात शेतकरी नेते शरद जोशी भरलेले होते. बर्नची, जागतिक टपाल संघटनेतली नोकरी सोडून हा माणूस चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आला होता. त्यांच्या चाकणच्या कांदा आंदोलनामुळे आम्हा शेतकऱ्यांच्या पोरांना पहिल्यांदा कळलं की आपल्या बापाची गरिबी नशिबाची नाही, ती धोरणाची आहे. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा मी स्वतः ओरडलो होतो. सरकार एका हाताने लुटतं आणि दुसऱ्या हाताने अनुदानाचा तुकडा टाकतं, तो तुकडा नाकारायचा, असं मी आईला मोठ्या तावात सांगितलं.

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिची भाकरी पोचवायला पाझर तलावाच्या कामावर गेलो. चार-पाच बायकांची गँग, टिकाव, फावडी, घमेली. खणलेल्या चौकोनाच्या मधोमध मातीचा एक खांब न तोडता ठेवलेला, कारण त्यावरून खोली मोजली जायची आणि मोजमापावर मजुरी ठरायची. बाईच्या मापाला आणि गड्याच्या मापाला दर एकच. तेवढ्यात आमच्या गावचे एक मोठे बागायतदार बांधावर येऊन उभे राहिले. त्यांना भांगलणीला बायका हव्या होत्या. आजवर त्यांनी बोलावलं आणि आई गेली नाही असं झालं नव्हतं. दर काय, हे विचारायचीही पद्धत नव्हती. आईने घमेलं खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, “आज न्हाई जमायचं, मालक. हजेरी लागलीया.”

ते गेल्यावर माझ्याकडे न बघताच म्हणाली, “हितं मला कुनाच्या दारात हुभं ऱ्हावं लागत न्हाई.”

माझ्या अर्थशास्त्राची सुरुवात तिथे झाली. ‘नाही’ म्हणण्याची ताकद तिला बाजाराने दिली नव्हती, सरकारच्या मस्टरने दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये हेच विचारलं होतं: सरकारने हात आखडला की उरतं ते स्वातंत्र्य कुणाच्या वाट्याला येतं? खंड वाढवणाऱ्या जमीनदाराच्या, कामाचे तास वाढवणाऱ्या मालकाच्या. बेकाराला एका नोकरीच्या बदल्यात मूलभूत हक्क सोड म्हटलं तर तो काय करील? या प्रश्नाला उत्तर न देता स्वातंत्र्याचा सिद्धांत मांडता येतो, असं मला वाटत नाही. मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते अर्थतज्ज्ञ हायेक यांनीही १९४४ साली मान्य केलं होतं की, संपन्न समाजाने अन्न, वस्त्र, निवारा यांची किमान हमी देण्याने स्वातंत्र्याला बाध येत नाही. त्यांचे आजचे अनुयायी ते पान उघडत नाहीत.

पण आईचं उदाहरण देऊन मी शरद जोशींना खोटं पाडू शकत नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली आणि मे २०२४ मध्ये उघडली. याच काळात कांदा पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या खात्यात केंद्राचे वर्षाला ६,००० आणि राज्याचे ६,००० जमा होत होते. किलोमागे दहा रुपयांनी भाव पडला तर शंभर क्विंटलवाल्याचे एक लाख जातात. त्यातले बारा हजार त्याला ‘सन्मान निधी’ म्हणून परत द्यायचे! कल्याणाची बाजू मांडणारे माझे मित्र या अन्यायावर गप्प बसतात, याचं मला मनापासून दुःख होतं. शहरातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा देणं हे कल्याणच आहे, पण त्याचा खर्च सरकार करत नाही, तो लासलगावच्या बाजारात कांदा घेऊन आलेल्या ट्रॅक्टरवरून वसूल होतो. व्यवसाय कर निदान पगारपत्रकावर छापलेला असतो. हा कर कुठेही छापलेला नाही.

रोजगार हमीतही लूट होतीच. ‘रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही’ असं लोक उगाच म्हणत नव्हते. मस्टरवर मेलेल्या माणसांची नावं मी पाहिली आहेत, आणि आईची मजुरी अडकली की आम्ही दुकानदाराला तोंड चुकवत फिरायचो. तरीही फरक असा की आई भांडू शकत होती. तहसीलवर मोर्चा गेला की, कायद्याप्रमाणे काम द्या, नाही तर बेकारी भत्ता द्या, असं बायका ठणकावून सांगत.

आज दर महिन्याला लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये बायकांच्या खात्यात जातात. त्या पैशाला नाक मुरडणारे लोक मला आवडत नाहीत. स्वतःच्या नावावर आलेले दीड हजार बाईला घरात काय बळ देतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ते समजावून सांगावं लागत नाही. पण ही योजना २०२४ च्या शासन निर्णयाने आली. जे शासन निर्णयाने येतं ते शासन निर्णयाने जातं, आणि मधल्या काळात बाईला कुणाचे तरी आभार मानत राहावं लागतं. शरद जोशींनी १९८६ ला चांदवडला लाखो शेतकरी बायका जमवल्या आणि पुढे लक्ष्मीमुक्ती मोहिमेतून नवऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली. तिथे सरकारचा एक रुपया खर्च झाला नाही. खुल्या बाजाराचा कट्टर पुरस्कर्ता सातबाऱ्यावर बाईचं नाव चढवत होता, आणि पागेंसारखा गांधीवादी मस्टरवर तिचं नाव चढवत होता. दोघांनीही तिला कागदावर आणलं. खैरात आणि हक्क यांतली रेषा मला तिथे दिसते. सरकार विरुद्ध बाजार ही रेषा त्यामानाने मला फार कमी काही सांगते.

म्हणून या अधिवेशनापुढे एक काम ठेवतो. रोजगार हमीत कामाच्या मागणीचा अर्ज दिल्यावर तारखेची पोचपावती मिळणं हा मजुराचा हक्क आहे, कारण काम देण्याची पंधरा दिवसांची मुदत आणि ती उलटल्यावरचा बेकारी भत्ता त्या तारखेवरूनच मोजला जातो. पावतीच दिली नाही की हक्क संपला. आपल्या प्रत्येक महाविद्यालयाने एक गाव घ्यावं. विद्यार्थ्यांनी मजुरांबरोबर ग्रामपंचायतीत जावं, अर्ज द्यावा आणि पावती मिळाली की नाही ते तारखेसह लिहावं. त्याच आठवड्यात त्यांनी जवळच्या बाजार समितीत शेतकऱ्याच्या शेजारी उभं राहून लिलाव पाहावा, त्याला काय दर मिळाला, हमालीला आणि तोलाईला किती गेले ते पट्टीवरून उतरवून घ्यावं. दोन्ही नोंदी एकाच वहीत असाव्यात. पुढच्या अधिवेशनात निबंधांच्या आधी या वह्या वाचल्या जाव्यात, अशी विनंती आहे. माझ्या गावची वही मी स्वतः घेऊन येईन.