मातेचे कूळ
(महोत्सवप्रसंगी गंगाखेड येथे केलेले भाषण)



गोदातीरीच्या ह्या गंगाखेडास संत जनाबाईंचे जन्मस्थान म्हणून सारा महाराष्ट्र ओळखतो. त्या दासीचे आईबाप कोण, हे परंपरेने विसरू दिलेले नाही. म्हणून स्त्रियांच्या वंशशोधाविषयी दोन शब्द येथे बोलावेत असे आम्हांस वाटले.

उदाहरण पंडिता रमाबाईंचे घेतो. त्या आपल्या ख्रिस्तसभेच्या नव्हत. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा घेतला. परंतु १८८७ च्या 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' ह्या ग्रंथातील त्यांची एक हकिकत सर्वांनीच ध्यानी घ्यावी अशी आहे. पत्नी व दोन मुलींसह यात्रेस निघालेला एक गृहस्थ वाटेतल्या मुक्कामी गोदावरीत स्नान करीत होता. तेथे एक परका मनुष्य आला. गृहस्थाने त्याची जात, कूळ व ठिकाण विचारले आणि तो विधुर आहे असे कळताच आपली नऊ वर्षांची कन्या त्यास देऊ केली. घटकाभरात सर्व ठरले. दुसऱ्या दिवशी लग्न लागले आणि बाप पुढच्या यात्रेस निघून गेला. ती कन्या म्हणजे रमाबाईंची माता लक्ष्मीबाई. वर अनंतशास्त्री डोंगरे.

तो घाट गंगाखेडचा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. नदी मात्र हीच.

कूळ विचारले गेले ते वराचे. मुलीचा बाप, तिची आई, सात वर्षांची धाकटी बहीण, ह्यांपैकी एकाचेही नाव त्या हकिकतीत नाही. आणि रमाबाईंस वारसा कोणाचा मिळाला? शास्त्रीबोवांनी लोकांचा विरोध सोसून त्या बालवधूस संस्कृत शिकविले हे खरे; पण रमाबाईंस आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत शिकविले ते ह्या मातेने. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' ही पदवी दिली ती त्याच विद्येस.

१६१४ च्या रोमन विधिग्रंथातील बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या नमुन्यात पित्याबरोबर मातेचेही नाव आहे. आपल्या आजीपणजींचा शोध घेणाऱ्याने प्रथम विवाहाची नोंद काढावी, तीवरून माहेरचे धर्मग्राम ओळखावे, व तेथील बाप्तिस्म्याची वही पाहावी. वाळवीने ती ठेविली असेल तर! आणि घरात म्हातारी आजी असेल, तर वहीपूर्वी तिला विचारावे, की तुझ्या आईचे माहेर कोणते.