आजारपणाचं कर्ज आणि गळकं छप्पर



कोरोनाच्या काळात युरोपने हवामानासाठी किती पैसा उभा केला, ते तुम्ही वाचलेलं असेल. जुलै 2020 मध्ये ब्रसेल्सला युरोपीय संघातल्या 27 देशांचे नेते रात्री जागून भांडले आणि शेवटी 750 अब्ज युरोंचं कर्ज एकत्र काढून निधी उभा करायचं ठरलं. नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, स्वीडन, डेन्मार्क यांनी हात आखडता घेतला, म्हणून अनुदानाचा वाटा 500 वरून 390 अब्जांवर आला. त्या निधीच्या मुख्य भागातून मिळणाऱ्या पैशांपैकी निदान 37 टक्के प्रत्येक देशाने हवामानाच्या कामावर खर्च करायचे, अशी अट पडली. हे सगळं चांगलंच झालं. पण मला आज बोलायचं आहे जर्मनीतल्या 60 अब्ज युरोंबद्दल. माझा मुद्दा त्यातून नीट कळतो.

समजा, घरात मोठं आजारपण आलं. आजारपणासाठी म्हणून पतपेढीतून कर्ज मंजूर करून घेतलं. माणूस लवकर बरा झाला आणि मंजूर रकमेतला बराच भाग उचललाच नाही. तेव्हा घरातल्या कर्त्या माणसाच्या मनात आलं की छप्पर गळतंय, पावसाळा तोंडावर आहे, मंजुरी तर हातात आहे, तीच छपराकडे वळवू. कर्ता लबाड नाही, आणि छप्पर खरंच गळतंय. पण पतपेढीच्या कागदावर ‘आजारपण’ लिहिलेलं आहे, आणि तेही त्या सालापुरतं.

जर्मनीत नेमकं हेच झालं. तिथे केंद्र सरकारने सालाला राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.35 टक्क्यांपलीकडे कर्ज काढायचं नाही, असं राज्यघटनाच सांगते. संकट आलं तर सूट मिळते. त्या सुटीखाली 2021 साठी 240 अब्ज युरोंची मंजुरी घेतली होती आणि त्यातले 60 अब्ज लागलेच नाहीत. डिसेंबरमध्ये ओलाफ शोल्त्स यांचं तीन पक्षांचं सरकार आलं. ग्रीन पक्षाला हवामानासाठी पैसा हवा होता. अर्थमंत्री लिंडनर यांच्या पक्षाला करही वाढवायचे नव्हते आणि कर्जाची मर्यादाही मोडायची नव्हती. या 60 अब्जांमुळे दोघांचंही भागत होतं. मंजुरी हवामान निधीत वळवली गेली. विरोधी बाकांवरचे 197 खासदार कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयात गेले आणि 15 नोव्हेंबर 2023 ला न्यायालयाने ती वळवणूक रद्द केली. संकटाशी या खर्चाचा संबंध दाखवलेला नाही, एका सालची सूट पुढच्या सालांत नेता येत नाही, आणि पुरवणी अर्थसंकल्प साल उलटल्यावर मंजूर झाला, अशी तीन कारणं दिली.

ते 60 अब्ज गेले, त्याची झळ कुणाला बसली ते बघा. विजेवरची मोटार घेणाऱ्याला सरकार अनुदान देत असे, पण अर्ज करायचा तो गाडीची नोंदणी झाल्यावरच. 16 डिसेंबरला, शनिवारी, सरकारने जाहीर केलं की रविवारनंतर अर्ज घेणार नाही. ज्यांनी अनुदान धरून हिशेब केला होता, गाडी बुक केली होती, पण गाडी अजून हातात आली नव्हती, ते अडकले. पुढच्या वर्षी अशा गाड्यांची नोंदणी सुमारे 27 टक्क्यांनी घसरली. शेतीच्या डिझेलवरची सवलत काढायला घेतली, तेव्हा जानेवारीत बर्लिनचे रस्ते ट्रॅक्टरांनी भरले. इंधनावरचा कार्बन आकार टनामागे 30 वरून 45 युरो झाला. त्या आकाराचा पैसा लोकांना परत देऊ, असं सरकार बनवताना कबूल केलं होतं. तो परतावा मिळालाच नाही.

न्यायालयाने हवामानाचं वाटोळं केलं, असं पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. छपराचा खर्च दरवर्षीचा आहे, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तो नेहमीच्या मिळकतीतून काढण्याची गोष्ट कुणी करत नव्हतं. पुन्हा सांगतो, कारण हे कानाआड होतं: संकटापुरता आलेला पैसा वीस-तीस वर्षांच्या कामाला पुरत नाही. 2050 पर्यंत कार्बन शून्यावर आणायचा कायदा युरोपने स्वतः केलाय. त्याची तरतूद दर अर्थसंकल्पात, नावानिशी हवी.

गंमत नव्हे, गंभीरपणे ऐका. पतपेढीत तक्रार नेणाऱ्या भावाकडेच, म्हणजे न्यायालयात गेलेल्या विरोधी पक्षाकडेच, पुढे घराचा कारभार आला. मार्च 2025 मध्ये, त्या पक्षाचे नेते मेर्झ चॅन्सेलर होण्याआधीच, त्यांच्या पक्षाने शोल्त्स यांच्या पक्षासह घटनादुरुस्ती केली आणि 500 अब्ज युरोंचं नवं कर्ज मोकळं केलं. त्यातले 100 अब्ज हवामान निधीला. या खेपेला कागदावर ‘छप्पर’ असं स्पष्ट लिहिलं, हे मला मोलाचं वाटतं. पण मुदत बारा वर्षांचीच. तेराव्या वर्षी काय?

हाच प्रश्न साऱ्या युरोपीय संघाला आहे. त्या 750 अब्जांच्या निधीच्या मुख्य भागातली कामं पुरी करायची मुदत 31 ऑगस्ट 2026 ठरली. कर्जाच्या मुद्दलाची फेड 2028 ते 2058. फेडीसाठी संघाला स्वतःची मिळकत हवी, म्हणून 2021 पासून पुनर्वापर न झालेल्या प्लॅस्टिक वेष्टनावर किलोमागे 80 सेंट देशांकडून घेतात. पुढच्या स्रोतांच्या यादीत सीमेवरचा कार्बन आकार आहे. तो 2026 पासून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं अशा आयातीवर लागू होतो, म्हणजे आपल्याकडून युरोपला पोलाद पाठवणारेही त्यात आले. त्यांच्या भट्ट्यांचा हिशेब कोण तपासणार, आणि तो पैसा युरोपच्या कर्जफेडीत जावा की आपल्या भट्ट्या सुधारायला यावा, यावर मला सविस्तर बोलायचं होतं. वेळ संपल्याची खूण झाली आहे. तो विषय पुढच्या भाषणात घेईन.