वायर गेली, माइक तोच
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. ‘तू इंजिनिअर, तेव्हा आज हातोहात फिरणाऱ्या माइकबद्दल तूच सांग,’ असा हुकूम आहे. तेव्हा थोडी माहिती आणि शेवटी एक विनंती.

हा माइक आपल्या शाळेचाच, जुना. प्रार्थना, प्रतिज्ञा, १५ ऑगस्टची भाषणं, गॅदरिंगचं निवेदन, सगळं यावरच झालं. जाळीवरचा पोचासुद्धा तोच आहे. शाळेत नवा सेट घ्यायचं चाललं होतं आणि हा भंगारात निघाला होता. आमची बॅच म्हणाली, आधी तपासून तरी बघू.

त्याला कारणही होतं. निमंत्रणं द्यायला घरोघर गेलो, तेव्हा कळलं की आपल्या काही शिक्षकांना आता स्टेजच्या पायऱ्या चढवत नाहीत. माइकची वायर स्टेजच्या कडेला संपते. म्हणजे ज्यांना ऐकायला आपण जमणार, तेच न बोलता घरी परतणार. हे काही पटेना.

हा माइक डायनॅमिक जातीचा. आत एक पातळ पडदा, त्याला चिकटलेलं बारीक तारेचं वेटोळं आणि भोवती चुंबक. आपण बोललो की पडदा हलतो, वेटोळं हलतं आणि काही मिलिव्होल्ट वीज तयार होते. सरांनी फळ्यावर शिकवलेला फॅरेडेचा १८३१ चा शोध तो हाच! माइकला स्वतःची बॅटरी लागत नाही, आत बिघडण्यासारखं फारसं नाही. म्हणून इतक्या वर्षांनीही तो ठणठणीत आहे. वायरचं काम एवढंच, की ही वीज ॲम्प्लिफायरपर्यंत नेणं. ते काम रेडिओलहरीही करतात.

माइकच्या बुडाशी तीन पिनांचं सॉकेट आहे. वायर काढून तिथे हा छोटा ट्रान्समीटर बसवला. त्याचा जोडीदार रिसीव्हर, ॲम्प्लिफायरला जिथे वायर जायची तिथेच जोडला. माइक उघडला नाही, डाग दिला नाही.

‘ब्लूटूथने झालं नसतं का?’ असं काहींनी विचारलं. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज जाणवेल इतका उशिरा पोचतो. बोलणाऱ्याला स्वतःचंच वाक्य मागून ऐकू येतं आणि तो अडखळतो. माइकसाठी बनवलेल्या संचात हा उशीर काही मिलिसेकंदांचाच असतो, तो कानाला कळत नाही.

आपला संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. त्यासाठी आपल्याकडे परवाना लागत नाही; पण वायफायही तिथेच आणि ब्लूटूथही तिथेच, म्हणजे गर्दी आहे. शिवाय या लहरी माणसाच्या शरीरात शोषल्या जातात, कारण आपल्यात पाणी पुष्कळ. रिकाम्या सभागृहात खणखणीत वाजणारा माइक भरल्या सभागृहात मध्येच तुटतो, तो यामुळे. म्हणून रिसीव्हर टेबलावर न ठेवता उंचावर, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर बसवला आहे. बोलताना माइक मधोमध धरा. बुडाशी मूठ आवळू नका, अँटेना तिथे आहे.

आता शाळेला विनंती. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री दोन्ही भाग चार्जिंगला लावावेत. जोडताना आणि काढताना ॲम्प्लिफायरचा आवाज शून्यावर आणावा. पुढे कधी कंडेन्सर माइक घेतला, तर त्याला बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा लागेल, आणि तो हा ट्रान्समीटर देत नाही. आणि जुनी वायर टाकून देऊ नये. ती गुंडाळून कपाटात ठेवावी. ऐन वेळी चार्जिंग संपलं, तर ट्रान्समीटर काढून वायर लावली की माइक पूर्वीसारखा सुरू.

आमच्यापैकी कितीतरी जण पहिल्यांदा चार लोकांसमोर बोलले ते याच माइकवर, आणि पाय लटपटत असताना बाजूला उभं राहून धीर दिला तो तुम्ही. आज तुम्हाला उठून आमच्यापर्यंत यायला लागू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

माइक आता खाली पहिल्या रांगेत येतो आहे. बाई, कृपया बसूनच बोला. सुरुवात आमच्या हजेरीने केलीत तर फार बरं वाटेल.