झाकल्या जाणाऱ्या कामाचे चित्र



धरण पुरे झाले म्हणजे त्याची छायाचित्रे पुष्कळ निघतात. कोनशिला असते, हारतुरे असतात, पाहुणे असतात. मला आज बोलावयाचे आहे ते त्याआधीच्या छायाचित्रांविषयी. पाया खणून कठीण खडक उघडा पडला आहे, सळ्या बांधून झाल्या आहेत आणि काँक्रीट अजून पडावयाचे आहे, त्या घटकेच्या. एकदा काँक्रीट पडले की आतले काम कायमचे झाकले जाते. काय व्हावयास हवे होते ते नकाशा सांगतो. काय झाले ते सांगावयास चित्र लागते.

ही कल्पना नवी नाही. पॅरिसचा आयफेल मनोरा १८८७ ते १८८९ या काळात उभा राहत असता द्युरांदेल या छायाचित्रकाराने एकाच जागेवरून त्याची वाढ टिपली. पनामा कालव्याच्या कामावर १९०७ साली अर्नेस्ट हॅलन यांना सरकारी छायाचित्रकार म्हणूनच नेमले. यातले मर्म ‘एकाच जागेवरून’ या शब्दांत आहे. जागा बदलली की तुलना संपली. शिवाय चित्रावर तारीख हवी आणि चित्रात एखादी मोजपट्टी हवी. नाहीतर हातभर खड्डा आणि पुरुषभर खड्डा सारखेच दिसतात.

आपल्याच जिल्ह्यातले पाहा. कोयनेचे १०३ मीटर उंचीचे धरण १९६४ साली पुरे झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला आणि भिंतीचा उतार जेथे बदलतो त्या वरच्या भागात भेगा पडल्या. पुढे भिंत भक्कम करावी लागली. अशा प्रसंगी आत काय भरले आहे आणि ही भेग आजची की जुनी, हे दोन प्रश्न पहिले उभे राहतात. दोहोंची उत्तरे आधी काढून ठेवलेल्या चित्रांत मिळतात. भेग पडल्यावर धावाधाव करून मिळत नाहीत.

मात्र कॅमेरा जिकडे वळवावा तिकडेच पाहतो. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२१ साली कामांचे दरमहा ड्रोनने चित्रण सक्तीचे केले, हे चांगलेच झाले. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर २०२३ पासून दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो घेऊन हजेरी लावणे सक्तीचे झाले. पण भलतेच फोटो, इतकेच नव्हे तर फोटोंचेच फोटो पाठवले जात असल्याचे २०२५ साली केंद्र सरकारलाच परिपत्रकात नमूद करावे लागले! यंत्र आले, पण चित्र तपासणारा कोठे आहे?

तो तपासणारा म्हणजे आपण. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने नागरिकाला सरकारी काम प्रत्यक्ष पाहण्याचा, साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा आणि नोंदींच्या प्रती मागण्याचा हक्क दिला आहे. खटाव-माणच्या दुष्काळी मुलखात बंधारा गळला तर हंगाम जातो. म्हणून येरळेवर उद्या एखादा बंधारा निघाला, तर जवळच्या कट्ट्यावर रंगाने एक खूण करा आणि दर बाजारच्या दिवशी त्याच खुणेवरून एक फोटो घ्या. पाया झाकण्यापूर्वीचे चित्र बिलासोबत जोडले आहे का, हे विचारा. चित्रात पाटी वाहणारी माणसेही येऊ द्या. काम त्यांचे आहे. यात ठेकेदाराशी वैर नाही. ज्याने चोख काम केले, त्याच्या बाजूनेही तेच चित्र उभे राहील.