घरगुती जलतापक : दोषांची पारख व उपाय

(महिला मंडळाच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



एके काळी गोमंतकातील प्रत्येक न्हाणीघरात चूल होती आणि चुलीवर तांब्याचा हंडा होता. त्यात बिघाड होण्यासारखे काही नव्हते. लाकडे ओली निघाली तर धूर होई, एवढेच. आज त्या हंड्याची जागा विजेच्या जलतापकाने, म्हणजेच आपल्या नित्य परिचयाच्या गीझरने घेतली आहे. सोय वाढली, तशी जबाबदारीही वाढली. वीज व पाणी ही दोन्ही ज्या खोलीत एकत्र येतात, तेथे मनुष्य ओल्या अंगाने व अनवाणी उभा असतो, हे विसरून चालणार नाही. यास्तव आजच्या भाषणात गीझरचे नेहमीचे दोष कसे ओळखावेत, त्यांपैकी कोणते घरच्या घरी पाहता येतात आणि कोठे हात आवरावा, याचा विचार करू.

प्रथम यंत्राची रचना ध्यानी घ्या. उष्णतारोधक वेष्टनातील टाकी, तिच्या आत पाणी तापविणारी कांडी, ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट, तो निकामी झाल्यास धावून येणारा थर्मल कट-आउट, वाढलेला दाब बाहेर सोडणारी सुरक्षा झडप आणि टाकीऐवजी स्वतः झिजणारी मॅग्नेशियमची कांडी, असे हे सहा भाग आहेत. बहुतेक सर्व तक्रारींचे मूळ यांपैकी एकात किंवा बाहेरच्या वायरिंगमध्ये असते.

पाणी मुळीच तापत नसेल, तर आधी दिवा पाहावा. दिवा लागत नसल्यास एमसीबी खाली पडला आहे काय, ते पाहावे. तो एकदा वर करून पाहण्यास हरकत नाही. परंतु तो पुन्हा पडला, तर दुसऱ्यांदा वर करू नये. कांडीचे आवरण फुटून वीज पाण्यात उतरत असण्याचा तो इशारा असू शकतो. जुन्या पद्धतीचा फ्यूज असल्यास त्यात जाड तार घालण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. दिवा लागतो पण पाणी थंडच राहते, अशा वेळी बहुधा कांडी जळालेली असते. ती बदलणे हे परवानाधारक वीजतंत्रज्ञाचे काम होय. कट-आउट पडला असेल, तर तो का पडला याचा शोध घेतल्यावाचून तो पुन्हा चालू करू नये. तो काढून तारा थेट जोडणे म्हणजे तर पहारेकऱ्यालाच घराबाहेर घालविणे होय.

पाणी तापते, परंतु फार वेळ लागतो, ही दुसरी तक्रार. येथे थोडे गणित उपयोगी पडेल. 15 लिटर पाणी 25 अंशांपासून 60 अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यास 2000 वॅटच्या गीझरला 230 व्होल्ट दाबावर सुमारे 18 ते 19 मिनिटे लागतात. दाब 180 व्होल्टपर्यंत उतरला, तर त्याच कामाला जवळजवळ अर्धा तास लागतो. कारण दाब थोडा घटला, तरी कांडीची शक्ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणून सायंकाळी किंवा सकाळी गर्दीच्या वेळीच उशीर होत असेल, तर यंत्रास दोष देण्यापूर्वी विजेचा दाब तपासून घ्यावा. वेळ बरोबर, पण गरम पाणी लवकर संपते असे असेल, तर टाकीच्या तळाशी गाळ व क्षार साचले असण्याचा संभव असतो. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी वापरणाऱ्यांनी वर्षातून एकदा टाकी साफ करून घ्यावी. क्षारांचा थर चढलेली कांडी आतून अधिक तापते व लवकर जळते.

झडपेतून पाणी ठिबकणे हे पुष्कळांना बिघाडाचे लक्षण वाटते. वस्तुतः तापल्यावर पाणी प्रसरण पावते. 15 लिटरच्या टाकीत ही वाढ सुमारे पाव लिटरपर्यंत असते. त्यामुळे तापत असताना पडणारे चार थेंब स्वाभाविक आहेत. सतत धार लागल्यास मात्र झडप तपासून घ्यावी. ती कापडाने, गोंदाने वा बुचाने बंद करणे सर्वथा धोक्याचे आहे. कोंडलेल्या दाबाने टाकी फुटू शकते. प्रत्यक्ष टाकीच गळत असेल, तर डागडुजीत पैसा न घालता गीझर बदलावा. पाण्यास तांबूस रंग येऊ लागल्यास मॅग्नेशियमची कांडी झिजून संपली आहे काय, हे वेळीच पाहिल्यास टाकीचे आयुष्य वाढते.

सर्वांत गंभीर लक्षण म्हणजे नळाला हात लावताच येणाऱ्या मुंग्या. हा सौम्य धक्का नव्हे, ही शेवटची सूचना आहे. नळाला न शिवता बाहेर यावे, मुख्य स्वीच बंद करावा व दुरुस्ती होईपर्यंत न्हाणीघर वापरू नये. कित्येक जुन्या घरांत लोखंडी नळालाच भूसंपर्क, म्हणजे अर्थिंग, जोडलेले असे. पुढे नळ प्लास्टिकचे झाले आणि तो मार्ग कोणाच्याही लक्षात न येता तुटला. म्हणून अर्थिंग नव्याने तपासून घ्यावे, कडक उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. 2000 वॅटचा गीझर सुमारे 9 अँपिअर वीज घेतो. त्याला 6 अँपिअरचा प्लग चालत नाही, 16 अँपिअरचाच हवा.

गॅसच्या गीझरविषयी दोन शब्द. बंद न्हाणीघरात तो प्राणवायू खातो व कार्बन मोनॉक्साइड सोडतो. या वायूस रंग नाही, वास नाही. ज्योत निळी न राहता पिवळी होणे, डोके दुखणे, घेरी येणे ही त्याची लक्षणे होत. असा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा. आत कोणी बेशुद्ध आढळल्यास दार उघडून त्यास बाहेर आणावे, गॅस बंद करावा व 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शेवटी चार साधे नियम. पाणीपुरवठा खंडित झाला असेल, तर गरम पाण्याच्या नळातून अखंड धार येईपर्यंत स्वीच लावू नये. स्नानास जाण्यापूर्वी तो बंद करावा. मुलांसाठी बादलीत आधी थंड व मग गरम पाणी घ्यावे. आणि झाकण उघडण्याची वेळ आली, की काम तंत्रज्ञाच्या हाती सोपवावे. दुरुस्तीचा खर्च पुन्हा मिळविता येतो. गेलेला जीव परत मिळविता येत नाही. आज घरी गेल्यावर प्रत्येकीने आपल्या गीझरची झडप, प्लग आणि अर्थिंग एवढे तरी पाहून घ्यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.