दमा आणि घरची माणसे
(सुवर्णमहोत्सवी आरोग्य सभेत केलेले भाषण)



मी वैद्यकीय व्यवसायातील नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि चाळीस वर्षे कापडाच्या गादीवर बसणारा व्यापारी आहे. तरीही विश्वस्तांनी मला दम्याविषयी बोलावयास सांगितले, कारण हा आजार आमच्या घरी पंचवीस वर्षे मुक्कामास आहे. सौभाग्यवतींच्या संमतीनेच ही घरची हकीकत आपणापुढे मांडीत आहे.

दम्यात श्वासनलिका आतून सुजलेल्या असतात. धूळ, धूर, परागकण किंवा थंड हवा लागली की त्यांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साठतो आणि श्वासाची वाट अरुंद होते. आपल्या बीड जिल्ह्यात कापसाची धूळ, खळ्यावरील भुसा आणि चुलीचा धूर यांची उणीव नाही. आमच्याकडे त्यात ताग्यांवरील धुळीची आणि दोन्ही वेळच्या उदबत्तीची भर होती.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. घरात वाद झाला की सौ.ला धाप लागे. "बोलण्याची वेळ आली की हिचा दमा निघतो," असे मी चारचौघांत म्हणत असे. पुढे डॉक्टरांनी समजावून सांगितले, की राग, भीती, रडणे, इतकेच काय मोठ्याने हसणे यांमुळेही श्वासाची गती बदलते आणि दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका खरोखरच आवळतात. तिची धाप खरी होती आणि मी तिला ढोंग ठरवीत होतो.

पंपाविषयीही असेच. त्याची सवय लागते, असे वडीलधारे म्हणत. मुलीसाठी स्थळ पाहावयास पाहुणे आले की पंप कपाटात लपविला जाई. वास्तविक अमेरिकेतील एका औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी मुलीने, माझे औषध फवाऱ्याच्या डबीतून का मिळत नाही, असे वडिलांना विचारले. त्या प्रश्नातून १९५६ साली आजच्या पद्धतीचा पंप बाजारात आला. त्या बापाने घरच्या माणसाचे ऐकले होते. मी मात्र ऐकले नव्हते. पंपातील औषध थेट श्वासनलिकेत जात असल्याने अल्प मात्रा पुरते व त्याचे व्यसन लागत नाही. एक पंप तात्काळ आराम देणारा, तर दुसरा सूज रोखणारा असतो. हा दुसरा पंप त्रास नसतानाही डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नियमित घ्यावयाचा असतो.

डॉक्टरांनी पीक फ्लो मीटर घ्यावयास सांगितले. जोराने फुंकर मारली की श्वास किती वेगाने बाहेर पडतो, हे त्यावर दिसते. रोजमेळ लिहिण्याची सवय असल्याने मी ते आकडे वहीत टिपू लागलो. एरवी ३५० च्या आसपास असणारा आकडा मधूनमधून २२० वर येई. ताळा करताना लक्षात आले, की त्याआधी काही दिवस तिने नियमित पंप बंद केलेला असे. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "तुम्हीच म्हणता ना, अजून किती दिवस हा खर्च?" मी निरुत्तर झालो.

आता घरात व दुकानात उदबत्ती नाही. दिवाळीची झाडलोट ओल्या फडक्याने आणि ती घरी नसताना होते. सूनबाई पंप घेण्याची योग्य पद्धत शिकल्या आहेत. मध्यंतरी मुले तिला काहीच करू देईनात. तेही तिला जाचक वाटे. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती रोज सकाळी फिरावयास जाते.

कोणास धाप लागली तर त्यास ताठ बसवावे, भोवती गर्दी करू नये आणि आराम देणारा पंप हाती द्यावा. उतार न पडल्यास, वाक्य पुरे बोलता येत नसल्यास किंवा ओठ निळसर दिसल्यास वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

संवत्सरीला आपण सर्वांना मिच्छामि दुक्कडम् म्हणतो. मीही दरवर्षी सौ.ला म्हणत असे, पण कशाबद्दल, हे कधी सांगितले नव्हते. त्या वर्षी वही पुढे ठेवून सांगितले. ज्यांच्या घरी दम्याचे रुग्ण आहेत, त्यांनी आज घरी गेल्यावर इतकेच विचारावे, "तुला आमचे काय चुकते असे वाटते?" आणि उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नये.