बोल फुटण्याची वाट पाहताना

मूल दोन वर्षांचे झाले आणि अजून बोलत नाही, अशी काळजी घरात सुरू झाली की सल्ला देणाऱ्यांना तोटा नसतो. कोणी जिभेला वेखंड चोळायला सांगते. कोणी म्हणते, "अहो, याचा बापही तिसऱ्या वर्षी बोलायला लागला, आणि आता बघा, थांबतो का!" हा दुसरा सल्ला कानाला गोड, म्हणूनच अधिक धोक्याचा. उशिरा बोलणारी पुष्कळ मुले पुढे आपोआप सावरतात हे खरे. पण आपले मूल त्यांतलेच, हे घरबसल्या सांगता येत नाही.

आधी कान तपासून घ्या. ताट पडल्यावर मूल दचकले, म्हणजे त्याला सगळे ऐकू येते असे नव्हे. काही मुलांना मोठा आवाज कळतो, पण 'स'सारखे बारीक आवाज निसटून जातात. दीड वर्षाच्या मुलाच्या तोंडी एकही शब्द नसेल, दोन वर्षांचे मूल 'आई पाणी' असे दोन शब्द जोडत नसेल, तर थांबू नका. येत असलेले शब्द गेले, तर मुळीच नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत मुले तपासते. ते यायला अवकाश असेल, तर सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

आता घरचे काम. मुलाशी बोलायचे म्हणून आपण बहुधा त्याची परीक्षाच घेतो. "हे काय? बोल ना! काऊ म्हण!" मूल गप्प. मग आपण आणखी जोरात विचारतो! त्यापेक्षा भातुकली मांडा. बोळक्यात खोटा खोटा चहा करा. मूल कप पुढे धरून "अं" म्हणेल. हे त्याचे बोलणेच झाले, बरं का! "चहा? गरम गरम चहा!" एवढे म्हणा आणि मनात पाच आकडे मोजा. हे थांबणे फार अवघड. आम्हा मास्तर लोकांना तर विशेषच, वर्गात दोन क्षण शांतता झाली की आम्ही बोलू लागतो. पण त्या पाच आकड्यांत मुलाची पाळी असते. चेंडू हातात धरून "एक, दोन..." म्हणा आणि थांबा. त्याने नुसते पाहिले, हात हलवला, तरी 'तीन' म्हणून चेंडू सोडा. हा खेळ बापानेही खेळावा. संध्याकाळी रानातून आल्यावर दहा मिनिटे मिळतातच. मोबाइलवरचे बडबडगीत एकसारखे बोलत राहते. मुलाच्या उत्तरासाठी ते थांबत नाही.

अंगणवाडीच्या ताईंना आणि शिक्षकांना एक विनंती. घरी अहिराणी किंवा मालवणी बोलतात म्हणून मूल मागे पडले, असे आईला कधी सांगू नका. दोन बोली कानांवर पडल्याने बोलणे लांबत नाही. उलट 'शुद्ध' बोलायच्या धाकाने ती बिचारी मुलाशी बोलायचीच कमी होते. आणि मुलाचे शब्द मोजायचे असतील, तर घरचे आणि शाळेचे मिळून मोजा.